अकोल्यात चालणारा कार्पेट शाम्पू रत्नागिरीत का चालत नाही? मातीचा काही संबंध असतो का?

बदलीचं_बिऱ्हाड

नमस्कार मंडळी, मिस्टरांची बदली झाली आणि आम्ही अकोल्याहून रत्नागिरीला आलो, नेमका पावसाळा तोंडावर असताना. घर छान मिळालंय, कौलारू, अंगणाला जांभ्याचा गडगा, पण एक गोष्ट काही केल्या सुटत नाहीये म्हणून इथे विचारतेय.

आमच्याकडे सासूबाईंनी दिलेला भदोहीचा लोकरीचा गालिचा आहे, हाताने विणलेला, त्याची किनार क्रीम रंगाची. हॉलमध्ये मशीनचं कार्पेट आहे, लेबलवर पॉलिप्रॉपिलीन लिहिलंय, मागे तागाचं अस्तर आहे. आणि एक साधी सुती सतरंजी.

अकोल्याला मुलं बुटाला चिखल लावून आली की मी ओल्याला हातच लावायचे नाही. खडखडीत वाळू द्यायचा, ढेकळं हातानेच सुटतात, मग ब्रश, मग व्हॅक्यूम, आणि जे काळपट उरेल ते शाम्पूने जायचं. शाम्पू मात्र भरपूर लागायचा, फेसच धरायचा नाही, तरी शेवटी डाग पूर्ण जायचा. तोच शाम्पू, त्याच कंपनीचा, इथे वापरतेय आणि सगळं उलटं. तेवढंच माप टाकलं तर बादलीभर फेस होतो, पुसून पुसून संपत नाही. माती निघते, पुसायच्या फडक्याचं पाणी स्वच्छ यायला लागतं, पण दाराजवळचा पट्टा नारिंगी तो नारिंगीच. आणि जो भाग धुतला तोच बाकीच्यापेक्षा लवकर मळतोय असं वाटतं, हे खरंच होतं का माझ्याच मनाचं आहे?

दुकानदार म्हणतो ब्लीच टाका. शेजारच्या काकू म्हणतात इथल्या मातीचा रंग जातच नाही, पुढच्या वेळी मरून रंगाचं कार्पेट घ्या. हॉलचं कार्पेट एकवेळ गेलं तरी चालेल पण गालिचा मला खराब होऊ द्यायचा नाहीये. कोणाला यातलं कळत असेल तर नीट सांगा प्लीज, कशाने होतं तेही सांगा म्हणजे मला पुढेही उपयोग होईल.

मृदा_मास्तर

ताई, सगळ्यात आधी ब्लीच बाजूला ठेवा, का ते पुढे सांगतो. प्रश्न एकदम बरोबर पकडलाय तुम्ही, मी कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवलंय त्यामुळे कार्पेटचं नाही पण मातीचं ठामपणे सांगू शकतो.

अकोल्याची काळी माती बेसाल्टपासून तयार झालेली, तिच्यात स्मेक्टाइट गटातली चिकणमाती, त्यातलं मुख्य मॉन्टमोरिलोनाइट. या मातीचे कण पापुद्र्या-पापुद्र्यांचे असतात आणि पाणी मिळालं की ते पापुद्र्यांच्या मधे शिरतं, माती फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा तुम्ही पाहिल्याच असतील. तेच कार्पेटवर होतं. चिखल वाळताना आकसतो, धाग्यावरची पकड सोडतो, म्हणून तुमची ढेकळं हाताने निघत होती. ओला असताना मात्र तोच चिखल भयंकर चिकट, कारण या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमला 600 ते 800 चौरस मीटर एवढा पृष्ठभाग असतो. तुमची वाळू देण्याची सवय शास्त्राला धरूनच होती.

दुसरं म्हणजे ही माती चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी, सामू (pH) बहुतेक ठिकाणी 7.5 ते 8.5 च्या घरात. तिच्या कणांवर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर चिकटलेलं असतं, 100 ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइट साधारण 80 ते 120 मिलीइक्विव्हॅलंट (हे आयन मोजायचं माप) एवढे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, धरून ठेवू शकतं. आणि तिकडच्या विहिरी-बोअरचं पाणीही जड. आता शाम्पूतला जो मुख्य फेसाचा घटक असतो तो ऋणभारित, तो कॅल्शियमशी बांधला गेला की कामातून गेला. म्हणजे तुमचा निम्माशिम्मा शाम्पू डागापर्यंत पोचायच्या आधीच मातीतलं आणि पाण्यातलं कॅल्शियम खात होतं, म्हणून फेस धरत नव्हता, म्हणून माप जास्त लागत होतं.

रत्नागिरीत यातलं काहीच नाही. 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, लाखो वर्षं त्या पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका सगळं धुवून नेलं आणि मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, तोच जांभा. माती आम्लधर्मी. चिकणमाती आहे पण ती केओलिनाइट प्रकारची, फुगत नाही, आयन धरायची ताकद त्याच मापात 3 ते 15 एवढीच. पाणीही साधारणपणे मऊ. मग अकोल्याचं माप टाकलं तर शाम्पूला खायला कॅल्शियमच नाही, सगळाच्या सगळा फेस होणार. मापाचा प्रश्न एवढाच आहे.

रंगाचा प्रश्न वेगळा. काळ्या मातीचा काळेपणा कणातच असतो, कण निघाला की रंग निघाला. तांबड्या मातीत हेमॅटाइट आणि गोएथाइट हे लोहाचे ऑक्साइड इतके बारीक असतात की मोठा कण निघाला तरी ते धाग्याच्या खाचेत बसून राहतात, आणि रंग म्हणून ते फार जबरदस्त आहेत, आपण तुळशीवृंदावनाला गेरू लावतो तो रंग याच हेमॅटाइटचा. शाम्पू तेल आणि धूळ उचलतो, लोहाचा ऑक्साइड विरघळवणं हे त्याचं कामच नाही. अजून चार बाटल्या ओतल्या तरी तो विरघळणार नाही. त्याला लागतं आम्ल, तेही लोहाला धरून ठेवणारं आम्ल, सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक.

आणि ब्लीच. क्लोरीनचं ब्लीच ऑक्सिडीकरण करतं, हे लोह आधीच पूर्ण ऑक्सिडाइज झालेलं आहे, त्यामुळे ब्लीचचा त्यावर उपयोग शून्य. आणि लोकर ब्लीचमध्ये अक्षरशः विरघळते. सासूबाईंच्या गालिच्याजवळ ती बाटली आणूसुद्धा नका.

खारपाण_पट्टा

ताई मी तुमच्याच भागातला, दर्यापूर साइडचा. सगळं बरोबर सांगितलं मास्तरांनी पण एक भर घालतो, काळी माती म्हणजे सोपी असं कोणी समजू नका. अकोला अमरावती बुलढाण्यातून पूर्णा नदीच्या काठाने जो खारपाणपट्टा आहे ना तिथली काळी माती वेगळीच हाय. जमिनीत आणि पाण्यात सोडियम. बाहेरून सारखीच काळी दिसते पण ओली झाली की तिचं पीठ होते, ढेकूळ धरतच नाही, गाळासारखी पसरते आणि सरळ कार्पेटच्या बुडात जाऊन बसते. वरून व्हॅक्यूम मारून काही येत नाही.

आमच्या मंगल कार्यालयात स्टेजवरचं कार्पेट असंच होतं. बोअरच्या पाण्यानं धुतलं की वाळल्यावर वरून पांढरट थर येते, लोकायले वाटते साबण राहिला, मग अजून पाणी मारतात, अजून थर. तो साबण नाही भाऊ, तो खार हाय. आता आम्ही काय करतो, धुणं बोअरच्या पाण्यानं पण शेवटचं पुसणं टाकीत साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं, नाही तर नळाच्या गोड्या पाण्यानं. लय फरक पडते. आणि धुवायच्या आधी कार्पेट उलटं टाकून पाठीवर काठीनं झोडपायचं, खाली गळते ती माती पाहिली की कळते आत किती बसली होती ते. ज्याच्याकडं मोकळी जागा हाय त्यानं हे कराच, मशीनपेक्षा भारी.

कपड्याचं सॉफ्टनर टाकून धुवा असं एका जणानं सांगितलं होतं, त्यानं तर चिकटच झालं कार्पेट. काहून झालं ते मास्तर सांगतील.

मृदा_मास्तर

सांगतो. सोडियम मातीचे कण एकमेकांपासून सुटे करतं, कॅल्शियम त्यांना गुठळीत ठेवतं. म्हणून चोपण जमिनीत शेतकरी जिप्सम टाकतात, सोडियम काढून कॅल्शियम बसवायला. तुमच्या कार्पेटवर तेच सुटे कण खोल जातात.

सॉफ्टनर धनभारित असतं आणि काळ्या मातीचे कण ऋणभारित, दोघं इतके घट्ट बांधले जातात की मग पाण्याने सुटत नाहीत. शिवाय शाम्पू ऋणभारित, त्यालाही सॉफ्टनर निकामी करतं आणि चिकट राळ राहते. काळ्या मातीच्या भागात कार्पेटला सॉफ्टनर लावूच नये. तांबड्या मातीत नुकसान कमी पण फायदाही नाही.

सोफा_गालिचा_पुणे

मी पुण्यात सोफा गालिचे धुवायचा धंदा करतो, कामं हडपसरपासून वाई महाबळेश्वरपर्यंत असतात त्यामुळे ही दोन्ही मातीची भानगड रोजचीच आहे. वाईत खाली काळी माती, पसरणी घाट चढून पाचगणीत गेलं की जांभ्याचं पठार सुरू, महाबळेश्वरपर्यंत तेच. एकाच दिवशी खाली एक बंगला आणि वर एक हॉटेल असं काम असेल तर गाडीत दोन वेगळी सोल्युशन ठेवावीच लागतात. नवीन पोरांना मी पहिलं हेच शिकवतो की दारातून आत शिरायच्या आधी अंगणातली माती बघ, पाणी कुठलं ते विचार, मग कॅन उघड.

काळ्या मातीला माझी पद्धत अशी की सिंथेटिक कार्पेट असेल तर थोडं अल्कली जास्त असलेलं प्रीस्प्रे, म्हणजे धुवायच्या आधी मारायचा फवारा, सामू 9-10 चं, ज्यात कॅल्शियम बांधून ठेवणारा घटक आहे, मग ब्रश, मग मशीनने पाणी मारून लगेच ओढून घ्यायचं. लोकरीला हे अजिबात नाही, लोकरीला अल्कली म्हणजे मारच, तिथे न्यूट्रल शाम्पूच, लेबलवर लोकरीसाठी असं स्पष्ट लिहिलेला. तांबड्या मातीला मी शाम्पू निम्म्याहून कमी घेतो, पण कोरडी सफाई दुप्पट वेळ करतो, सावकाश, व्हॅक्यूम पुढे ढकलून मागे ओढताना घाई करायची नाही. एक लक्षात घ्या, पाणी लागायच्या आधी जेवढी तांबडी धूळ निघेल तेवढाच डाग कमी. एकदा ओली झाली की ती रंगासारखी पसरते. साध्या कापडी पिशवीचा व्हॅक्यूम असेल तर बारीक तांबडी धूळ मागून परत घरात फेकतो, म्हणून फिल्टर चांगला पाहिजे आणि वेळच्या वेळी साफ पाहिजे.

ताई धुतलेला भाग लवकर मळतो म्हणालात ते खरं आहे, मनाचं नाही. शाम्पू मागे राहिला की तो चिकट असतो आणि येणारी प्रत्येक धूळ पकडतो. तुमच्याकडे मऊ पाणी, अकोल्याचं माप, म्हणजे शाम्पू राहणारच. घरच्या घरी तपासायचं असेल तर शाम्पूचं पातळ केलेलं पाणी एका काचेच्या बशीत घालून दोन दिवस वाळू द्या. वाळून कुरकुरीत पापड्या झाल्या, नखाने खरवडल्या की भुगा होतो, तर शाम्पू चांगला, तो वाळल्यावर व्हॅक्यूमने निघतो. बोटाला चिकटत असेल तर तो कार्पेटचा नाहीच असं समजा. भांडी घासायचं लिक्विड आणि कपडे धुवायचं लिक्विड या टेस्टमध्ये नेहमी नापास होतात, तरी लोक तेच वापरतात याचं मला फार वाईट वाटतं, चांगले चांगले गालिचे जातात त्यात.

आणि पुण्यातल्या लोकांसाठी, तुमच्या सोसायटीच्या शेजारी बांधकाम चालू असेल तर कार्पेटमध्ये माती कमी आणि सिमेंटची धूळ जास्त असते. तिला पाणी लावायचंच नाही आधी. सिमेंट प्रचंड अल्कधर्मी, ओलं झालं की धाग्यात धरतं आणि लोकरीला खातं. आधी पूर्ण कोरडं काढायचं, मगच बाकीचं.

बदलीचं_बिऱ्हाड

अरे वा, इतकं नीट कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, मास्तर, दादा, भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या कॉलनीत टाकीचं पाणी यायचं पण उन्हाळ्यात बोअरच असायचं, म्हणजे भाऊ म्हणतात तो पांढरा थर मीही पाहिलेला आहे.

आता माझे प्रश्न. सायट्रिक आणि ऑक्झॅलिक मध्ये कुठलं, किती, आणि लोकरीला चालतं का? ऑक्झॅलिक विषारी असतं असं वाचलं, घरात लहान मुलं आहेत. आणि माझ्या बहिणीने सांगितलं व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र टाक, फसफसून डाग वर येतो, ते करू का?

जॉर्जिया_मराठी

मी अमेरिकेत जॉर्जिया राज्यात राहते, अटलांटाजवळ. ताई तुमचा प्रश्न वाचून अगदी राहवलं नाही कारण इथे सगळी तांबडी माती आहे, लाल क्ले म्हणतात, केओलिनाइट आणि लोहाचे ऑक्साइड, म्हणजे मास्तरांनी जे वर्णन केलं तेच. पाणीही मऊ, चाटाहूची नदीचं. आणि इथे घरभर भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, याच राज्यात डॉल्टन नावाचं गाव आहे ज्याला जगाची कार्पेट राजधानी म्हणतात, त्यामुळे तांबड्या मातीवर आणि कार्पेटवर इथली माणसं तासन् तास बोलू शकतात.

इथे सगळे जाणते हेच सांगतात, वाळू दे, व्हॅक्यूम कर, अगदी थोडा शाम्पू, आणि उरलेल्या नारिंगी रंगाला गंजाचं औषध. गंजाच्या औषधांच्या बाटल्यांवर बघितलं तर बऱ्याच ठिकाणी ऑक्झॅलिक ॲसिडच असतं. मी मुलांच्या खोलीतल्या कार्पेटला आधी लिंबूसत्वाचंच, म्हणजे सायट्रिक ॲसिडचंच पाणी वापरते, ताज्या डागाला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. जुना, बरेच महिने तुडवलेला डाग असेल तरच पुढचं.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र करू नका. फसफसतं ते दिसायला छान पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात आणि मागे उरतं खारट पाणी. मातीला त्यातलं काहीच लागत नाही. फक्त व्हिनेगरचं पाणी शेवटच्या पुसण्याला वापरलं तर शाम्पूचा अल्कली अंश मारला जातो, तो उपयोग खरा आहे.

आणि चोळायचं नाही, टिपायचं. कडेकडून मध्याकडे. चोळलं की डाग मोठा होतो.

मृदा_मास्तर

बहीणबाईंनी जॉर्जियाहून अगदी बरोबर सांगितलं. मी प्रमाण सांगतो.

लिंबूसत्व, किराणा दुकानात मिळतं ते, एक लिटर कोमट पाण्यात सपाट चहाचा चमचा. लोकर सौम्य आम्ल चांगली सोसते, तिचा शत्रू अल्कली. पण गालिच्याचा रंग आम्लात सुटतो का ते आधी बघायलाच हवं, भदोहीच्या गालिच्यात कुठला रंग वापरला आहे ते घरी बसून कळत नाही. मागच्या कोपऱ्यात, प्रत्येक रंगावर वेगवेगळं, ओलं पांढरं फडकं पाच मिनिटं दाबून ठेवा. फडक्यावर रंग आला तर थांबा आणि जाणत्या माणसाकडे द्या. नाही आला तर क्रीम किनारीवर स्पंजने लावा, दहा मिनिटांनी पांढऱ्या फडक्याने टिपा, साध्या पाण्याने परत टिपा. एका वेळेत पूर्ण जाणार नाही. मधे पूर्ण वाळू देऊन पुन्हा करा.

ऑक्झॅलिक फक्त हॉलच्या पॉलिप्रॉपिलीन कार्पेटला, तेही लिंबूसत्वाने भागलं नाही तर. फरशी पॉलिश करणारे वापरतात, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. विषारी आहे, हातमोजे, खिडक्या उघड्या, मुलं दुसऱ्या घरी, आणि वापरून झाल्यावर भरपूर पाण्याने काढून टाकायचं. उरलेली पावडर घरात ठेवू नका. आणि हे फार महत्त्वाचं, कुठलंही आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र येता कामा नये, क्लोरीन वायू तयार होतो, बंद खोलीत जीवावर बेतू शकतं. दुकानदाराचं ऐकून आधी ब्लीच टाकलं असेल त्या जागी आम्ल लावायचंच नाही, आधी धुवून काढायचं.

वऱ्हाड-मराठवाड्यातले कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी, ऑक्झॅलिक तुमच्या जड पाण्यात वापरलं तर कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढरा न विरघळणारा साका बसतो. तुम्हाला त्याची गरजही सहसा पडणार नाही. म्हणजे जे औषध रत्नागिरीत कामाचं ते अकोल्यात नवा डाग करतं.

अजून एक, बदलीवाल्या लोकांना उपयोगी. नव्या गावी गेल्यावर अंगणातली मूठभर माती काचेच्या बरणीत घ्या, पाणी भरा, चिमूटभर कपड्याची पावडर टाका, जोरात हलवा आणि ठेवून द्या. साधारण 40 सेकंदात जे तळाला बसतं ती वाळू, दोन तासांत बसतो तो गाळ, आणि त्यानंतरही पाणी गढूळ राहिलं तर ती चिकणमाती. वाळू जास्त निघाली तर धाग्याला कापणारी माती आहे, रोज व्हॅक्यूम हवा, डागाची चिंता कमी. चिकणमाती जास्त असेल तर ओल्याला हात लावू नका. कोरड्या मातीची एक चिमूट वेगळी घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाकून बघा, फसफसली तर चुना आहे, शाम्पूचं माप वाढवा किंवा कॅल्शियम बांधणारा शाम्पू घ्या. फसफसली नाही आणि माती तांबडी असेल तर माप कमी करा. एवढ्यावर निम्मे प्रश्न सुटतात.

सोफा_गालिचा_पुणे

मास्तर हे बरणीचं भारी आहे, पोरांना शिकवतो उद्याच.

लोकरीच्या गालिच्याला रिठ्याचं पाणीपण चालतं हे विसरलो सांगायचं. रिठे रात्रभर भिजवून, उकळून, गाळून घेतलेलं पाणी. सौम्य असतं, लोकर खरखरीत होत नाही. जुनी माणसं शाली रिठ्यातच धुवायची. जड पाण्यातही रिठा साबणासारखा फुटत नाही, म्हणून वऱ्हाडात तर जास्तच उपयोगी. फक्त पातळ घ्यायचं, घट्ट घेतलं तर क्रीम रंगावर त्याचाच तपकिरी अंश राहतो.

डिचोलीकर

मी गोव्याहून, डिचोलीचा. आमच्याकडे जांभा आहेच, वर लोहखनिजाची धूळ. खाणी जोरात चालू असताना रस्त्याकडेच्या घरात खिडकीच्या गजावरसुद्धा बोटभर लाल थर असायचा, तेव्हा कार्पेट घालणारा माणूस शूर म्हणायचा. त्यामुळे लिंबूसत्वाचा अनुभव आमच्याकडे घरोघरी आहे.

पण ताई मला एक वेगळी शंका येतेय. तुमच्या हॉलच्या कार्पेटला मागे तागाचं अस्तर आहे म्हणालात, आणि पावसाळ्यात धुतलंत. कोकणात पावसात हवा इतकी दमट असते की कार्पेट दोन दोन दिवस वाळत नाही. समुद्राजवळ घर असेल तर धाग्यात मिठाचा अंश बसतो आणि हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घ्यायला लागतं, म्हणजे वाळलेलं कार्पेट परत ओलसर. ताग एवढा वेळ ओला राहिला की त्यातला तपकिरी रंग पाण्याबरोबर धाग्यातून वर चढतो आणि टोकाला येऊन वाळतो. तो रंग अगदी तांबड्या मातीसारखाच दिसतो, नारिंगी तपकिरी. शाम्पू अल्कली असेल तर अजून जास्त येतो. मग माणूस समजतो माती राहिली, परत धुतो, अजून ओलं, अजून रंग.

ओळखायचं कसं, तर दारातून चालायच्या वाटेवर डाग असेल, मधे गडद आणि कडेला फिका होत जात असेल, तर माती. जेवढा भाग ओला केला बरोब्बर तेवढाच रंगलाय, आणि कडेला गडद रेघ आहे, आणि धागा बाजूला करून बघितलं तर बुडाशी रंग कमी आणि टोकाला जास्त, तर ताग. मातीचा रंग बुडाशी जास्त असतो.

बदलीचं_बिऱ्हाड

डिचोलीकर, तुमचं वाचून लगेच जाऊन बघितलं, धागे बाजूला करून. हॉलच्या कार्पेटवर दाराजवळचा जो पट्टा आहे त्याची कड गडद आहे आणि रंग टोकालाच आहे!! मी पुसला तेवढ्याच चौकोनात आहे. म्हणजे तो तागाचाच असणार. गालिच्याच्या किनारीवर मात्र बुडाशी लाल आहे, तिथे माती. एकाच घरात दोन वेगळे आजार.

गालिच्याचा रंग तपासून झाला, फडक्यावर काही आलं नाही, निळ्यावरही नाही. उघडीप मिळाली की लिंबूसत्वाने सुरुवात करते. शाम्पू बशीत घालून ठेवलाय. पण तागाच्या डागाला मग काय करायचं? त्यालाही आम्लच का? आणि वाळवायचं कसं, इथे ऊन दिसून आठवडा झाला.

डिचोलीकर

हो त्यालाही लिंबूसत्वच, तेच प्रमाण, पण ओतायचं नाही. स्प्रेच्या बाटलीने फक्त वरच्या टोकांवर हलका फवारा, ओल बुडापर्यंत जाता कामा नये, गेली तर ताग परत रंग सोडेल. वर जाड पांढरा टॉवेल पसरून त्यावर वजन ठेवा, पुस्तकं वगैरे, रात्रभर. वर चढणारा रंग टॉवेल पिऊन घेतो. सकाळी टॉवेल काढला की कार्पेटची ती बाजू दोन खुर्च्यांवर टाकून खालून वरून पंखा लावा, फुल स्पीडवर, खिडक्या पावसाच्या बाजूच्या बंद. ड्रायमोड असलेला एसी असेल तर दार लावून तोच चालू ठेवा, पंख्यापेक्षा लवकर वाळतं.

पावसाळ्यात पूर्ण कार्पेट धुवायला काढूच नका, आम्ही गणपती झाल्यावर, ऑक्टोबरचं ऊन पडलं की काढतो. तोपर्यंत दाराबाहेर एक काथ्याचं आणि आत एक सुती असं पायपुसणं ठेवा, चपला पागोळीच्या पाण्यात धुवूनच आत. आणि गालिचा तर सरळ गुंडाळून ठेवा, गुंडाळायच्या आधी पूर्ण कोरडा आहे ना ते पाठीवर हात फिरवून बघा, प्लास्टिकमध्ये नको, जुन्या सुती चादरीत, मधे कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून, आणि जमिनीवर न ठेवता कपाटावर.